हिच्या बिया, माझं गवत

आदरणीय दादांना मनापासून नमस्कार. (वयाने मी तुमच्यापेक्षा मोठा, तेव्हा खरं म्हणजे नमस्कार तिकडून इकडे यायला हवा. पण ही तुम्हाला दादा म्हणायची म्हणून लग्नानंतर मीही म्हणू लागलो, आणि आता जीभ वळत नाही.) आपला गुडघा कसा आहे? गोळ्यांनी उतार पडला, की डॉक्टरांनी नुसत्या गोळ्याच बदलल्या? वहिनींचा खोकला थांबला का? माझं म्हणाल तर उत्तम. दात नवे करून घेतले. ते मला बरोबर बसले आहेत, मी त्यांना अजून बसलेलो नाही. भूक लागते, झोपही येते, फक्त दोघी एकमेकींच्या वेळा पाळत नाहीत. पत्राला खास कारण असं काही नाही. काम तर मुळीच नाही. बसल्या बसल्या लिहितो आहे.

झालं असं की स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ आवरायला काढलं. (आवरायची गरज नव्हती. सगळं घर आवरून झालं होतं, तेवढंच उरलं होतं.) मागच्या बाजूला खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, पावडरचा डबा, फिल्मच्या जुन्या डब्या आणि चिंधीत बांधलेल्या चार-दोन पुरचुंड्या निघाल्या. सगळ्यांत बिया. तुमच्या बहिणीने गच्चीवर कुंड्या ठेवल्या होत्या त्या काळातल्या. पुढे गच्ची गळते म्हणून सोसायटीने कुंड्या उतरवायला लावल्या. हिने झाडं वाटून टाकली आणि बिया ठेवून घेतल्या. कशावरही नाव नाही. तिला गरजच नव्हती, डबी नुसती कानाशी हलवून ती सांगायची आत काय आहे ते. मीही सगळ्या डब्या कानाशी हलवून पाहिल्या. मला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या.

एका डबीतल्या काळ्या गोल दाण्यांना मी मिरी समजलो. आठवडाभर कुटून ऑम्लेटवर घालत होतो. तिखट लागेना तेव्हा वाटलं, जिभेचंही वय झालं. मग पोटाने तक्रार केली आणि माझ्या ध्यानात आलं की मी बायकोची बाग खातो आहे. उरलेल्या बिया तरी जमिनीत जाव्यात म्हणून त्याच दिवशी पेरायचं ठरवलं.

आता मी पडलो लिफ्टवाला. सगळा जन्म इमारतींच्या पोटात गेला. दोर, कप्पी, ग्रीस, अडकलेली माणसं, त्यांचे आरडाओरडे. माती म्हणजे बुटाला लागते ती, एवढीच माझी ओळख. बस थांब्यामागच्या मोकळ्या पट्टीतून दोन पिशव्या माती भरून आणली, एका पसरट ट्रेमध्ये पसरली आणि सगळ्या डब्या त्यात रिकाम्या केल्या. वेगवेगळ्या ओळी केल्या नाहीत. (करायला हव्या होत्या, हे मला नंतर पुष्कळ लोकांनी सांगितलं.) अडचण उन्हाची. आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, आणि ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटून, थेट पहिल्या मजल्याच्या उंचीवर. दुसरा कोणी असता तर त्याने हात टेकले असते. मी बाल्कनीला कप्पी ठोकली, दोर ओवला, दुसऱ्या टोकाला इस्त्री वजन म्हणून बांधली आणि ट्रेसाठी लिफ्ट तयार केली. सकाळी खाली, दुपारी वर. इतकी सुरेख चालायची म्हणून सांगू! धक्का नाही, आवाज नाही. नोकरीत असताना असं एक काम हातून झालं असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

पण ट्रे थांबायचा तो नेमका पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या खिडकीसमोर. या बाई मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वॉर्डातलाच. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकी उघडून वर पाहिलं आणि विचारलं, "हे काय सोडलंयत?" मी वरून सांगितलं, "रोपांना ऊन दाखवतोय." त्यांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. तेवढं का होईना, त्या दिवशी माझं एक वाक्य तरी कोणाशी बोलून झालं.

मग उगवायला लागलं. दादा, काय उगवलं! दोन दोन पानं काढून सगळा ट्रे हिरवा. पण त्यात हिच्या बियांचं कुठलं आणि मातीतून आलेलं रानटी कुठलं, हे कळायला मार्ग नाही. लहानपणी सगळीच गोंडस. मी विचार केला, घरचं ओळखता येत नाही ना, मग रस्त्यावरचं ओळखायला शिकू. ते वजा केलं की उरेल ते हिचं. मोबाईलमध्ये फुलं ओळखणारं एक ॲप घेतलं आणि सकाळी रस्त्याने फिरायला लागलो.

ॲपचा स्वभाव आपल्या मोठ्या काकांसारखा. माहीत नाही असं कधी म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी त्याने फुटपाथवरच्या एका पिवळ्या फुलाला सूर्यफूल ठरवलं, दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला शेवंती, आणि मधे चुकून माझा अंगठा आला त्याला भुईछत्री. हळूहळू मात्र हात बसला. लांब दांडीवर एकुलतं एक फूल धरून उभी असते ती एकदांडी. भिंतीला चिकटून रंगीबेरंगी गुच्छ काढते आणि पान चोळलं की नाक मुरडायला लावते ती घाणेरी. खांबापाशी टाकळा, गटाराशी आघाडा (हा पायजम्याला धरून घरापर्यंत सोबत येतो). इतकी वर्षं या रस्त्याने गेलो, एकाचं नाव माहीत नव्हतं. रोज पाहिलं की बरं वाटायचं. माणसांपैकी मला ओळखणारे बरेचसे गेले किंवा मुलांकडे राहायला गेले. ही मंडळी कुठे जात नाहीत. एकदोनदा मी मोठ्याने "काय, कसं काय?" असंही म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

आता घडलेला प्रकार सांगतो. बस थांब्याजवळ फरशीच्या फटीत एक निळं फूल दिसलं, तिळाएवढं. उभ्याने दिसेना, वाकून फोटो येईना, म्हणून मी सरळ पोटावर आडवा झालो, गाल फरशीला टेकवला आणि मोबाईल धरला. माझ्या हिशेबाने हे अगदी साधं काम होतं. पण लोकांनी पाहिला तो रस्त्यात पडलेला म्हातारा. क्षणात गर्दी. कोणी म्हणालं पाणी आणा, कोणी म्हणालं पाणी देऊ नका, कोणी माझे बूट काढले (का, ते देवाला ठाऊक), मला उताणं केलं आणि एका बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं. एक गृहस्थ माझा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत होते. त्यांचे हात खरखरीत आणि गरम होते.

दादा, तुम्हाला म्हणून सांगतो. मी तेव्हाच उठून बसायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले. ही गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. न्हाव्याने लावला असेल तेवढाच. ते गृहस्थ हात चोळत होते आणि सारखं म्हणत होते, "काही नाही काका, काही नाही, आम्ही आहोत." मला वाटलं, अजून थोडं चोळू दे.

तेवढ्यात गर्दी फोडून नर्सबाई आल्या. मनगट धरलं, घड्याळ पाहिलं.

"नाडी घोड्यासारखी आहे. डोळे उघडा."

मी उघडले.

"काय झालं?"

"फूल बघत होतो."

गर्दीचा एवढा विरस झाला की मलाच वाईट वाटलं. सगळे पांगले. हात चोळणारे गृहस्थ तर चक्क रागावले. फूल माझ्याच पाठीखाली चिरडलं गेलं होतं. बाई मला घरापर्यंत घेऊन आल्या आणि जिन्यात म्हणाल्या, "एकटे असता, तर निदान झोपून फुलं बघू नका."

एवढी विद्या मिळवल्यावर मी निंदणी केली. रस्त्यावर पाहिलेल्यांशी जुळतं ते ते मुळासकट उपटलं, मातीच्या ढेकळासकट बाल्कनीतून कुंपणाच्या भिंतीपलीकडे भिरकावलं, आणि उरलेल्यांना जीव लावला. खत घातलं, पाण्यात दूध कालवून घातलं, हिचा फोटो खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवला. रोपं अशी जोमाने वाढली की लिफ्टला जास्तीचं वजन बांधावं लागलं. मग कळ्या आल्या. मग एक दिवस खालून वॉर्डातला आवाज आला, "अहो, तुम्ही एवढं दोर बांधून गवत का वाढवताय?"

खाली धावलो. फुललं होतं खरं. लांब दांडीवर एकुलतं एक फूल. एकदांडी! तिच्या शेजारी एकदांडी, तिच्यापलीकडे गाजरगवत. रस्त्यावर मी फुलं ओळखायला शिकलो होतो, निंदणी केली ती नुसत्या पानांवरून. मी हिच्या बियांची रोपं वेचून वेचून फेकून दिली होती आणि बस थांब्याचं गवत दूध पाजून मोठं केलं होतं. ॲपला विचारलं. नेमकं त्या दिवशी त्याने अचूक उत्तर दिलं.

इथपर्यंत लिहिताना मला हसू येत होतं, तेव्हा नाही आलं. डब्या सगळ्या रिकाम्या केलेल्या. तिने बोटांनी वेचलेलं, फुंकर मारून टरफल उडवलेलं, चिंधीत बांधलेलं जे काही शेवटचं घरात होतं ते मी माझ्या हाताने खाली टाकलं. पुढचे काही दिवस मी ट्रे खाली सोडला नाही. फिरायला गेलो नाही. रिकाम्या डब्या धुऊन पुसून परत फडताळात ठेवल्या आणि नुसता बसून राहिलो.

मग दार वाजलं. नर्सबाई. जिने चढून धाप लागलेली.

"तुमची ती गाडी खाली येईना. म्हटलं, आटोपलं की काय!"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग चपला घाला. मला औषधाच्या दुकानात जायचंय, सोबत चला." (त्यांना कसलंही औषध नको होतं. दुकानापर्यंत जाऊन आम्ही खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि त्यांनी त्या मलाच दिल्या.)

परत येताना कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने आलो. तिथे पाण्याचा पाईप गळतो, सोसायटीने दर सभेत दुरुस्त करायचा ठरवलेला. त्या ओलीत, चहाचे कागदी पेले आणि विटांचे तुकडे यांच्यामधून, झिनिया उभे होते, हिच्या कुंड्यांत असायचे तेच. लाल, केशरी, एक गडद गुलाबी. मागे कॉसमॉसची बारीक पानं आणि वर पांढरी फुलं. भिंतीशी गुलबक्षीचं झुडूप, आणि त्यावर ते काळे गोल दाणे. मिरी! मी भिरकावली होती ती सगळी. कोणी ऊन दाखवलं नव्हतं, दूध पाजलं नव्हतं.

मी विटेवर बसलो. बाई म्हणाल्या, "मी जाते, तुम्ही बसा," आणि गेल्या. बससाठी थांबलेली एक मुलगी पुढे आली आणि फोटो काढू लागली.

"आजोबा, हे कुठलं रानफूल हो?"

"रानफूल नाही. आमच्या घरचं आहे."

"घर कुठंय?"

मी तिसरा मजला दाखवला. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, म्हणाली, "बरंच लांब आलंय की." आणि तिची बस आली.

तेव्हा असं सगळं छान चाललं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण तुम्ही कंटाळलात तरी इथून मला दिसणार नाही.

आपला,
मेहुणा

ता. क. नर्सबाईंबद्दल वहिनींच्या मनात भलतंसलतं काही यायला नको. त्यांना एक नवरा आहे, तीन मुलगे आहेत, आणि त्या सगळ्यांशीही त्या याच आवाजात बोलतात.

ता. क. २. वर "उत्तम" असं लिहिलं आहे ते दातांपुरतं धरावं.

ता. क. ३. फोन न करता पत्र का, असं वाटलं असेल. मध्ये मी फोन केला होता, तुम्ही उचललाही होता. "काय म्हणता?" "बरं चाललंय. तुमचं?" "बरं." इतकं झालं आणि आपण दोघंही थांबलो. इतकी वर्षं आपण एवढंच बोलायचो आणि मग मी म्हणायचो, "घ्या, हिला देतो." त्या दिवशी मी फोन कानापासून बाजूला धरलासुद्धा होता. मग ठेवून दिला. लाइन कट झाली असं तुम्हाला वाटलं असेल. झाली नव्हती.

ता. क. ४. काम काही नाही असं वर म्हटलं, पण एक आहे. झिनिया वाळायला लागले आहेत, बिया धरतील. त्या ओल्या काढायच्या की पार वाळल्यावर, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नसेल, लहानपणी बागेत तीच असायची आणि तुम्ही झाडावर, असं ती सांगायची. तरी पण या. इकडे तुमचं काही काम निघालं होतं असं सांगून या, मी बोलावलं असं नको. राहायला जागा आहे, गुडघ्याला माझी ट्रेची लिफ्ट आहे. बिया चुकीच्याच निघणार. पण एकट्याने चुकण्यात आता मजा वाटत नाही. दोघं मिळून चुकू.