अक्काच्या आंब्याभोवतीचं सिमेंट

उणकल, हुबळी

ती. अक्का,

धाकट्या गुरुराजचा नेहमीचा एक साष्टांग नमस्कार, आणि त्यावर आणखी दोन आगाऊ. (का, ते पुढं कळेलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? तिकडं अळणावरला थंडी सरली का? इथं आम्ही सगळे खुशाल. आंबाही खुशालच म्हणायचा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

जागा माझ्या हवाली करताना तू एकच अट घातली होतीस: घर हवं तसं बांध, पण अप्पांनी लावलेल्या आंब्याला धक्का लावू नकोस. देवाशपथ सांगतो, मी धक्का लावला नाही. फक्त अंगणात सिमेंट घातलं. राधाची रांगोळी मातीत नीट उमटत नव्हती (कल्पना तिची, हौस माझी, तेव्हा तुझ्या भावजयीला बोलू नकोस), आणि गवंडी म्हणाला, साहेब, बुंध्यापर्यंत नेऊ का, फिनिशिंग छान दिसेल. मी म्हटलं, ने की! अख्खी गल्ली बघायला आली, मी सगळ्यांना चहा पाजला. काही महिन्यांत झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. पानं हातात घेतली की पापडासारखी मोडायची.

शेजारचे श्रीवत्स शेतीखात्यातून निवृत्त झालेत (तेव्हापासून जास्तच काम करतात). ते कुंपणावरून म्हणाले, "अहो, मुळांचा श्वास कोंडलाय. तुमच्या नाकातोंडात सिमेंट भरलं तर तुम्ही तरी जगाल का?" मग मीच पहार घेतली. फांद्या जिथवर पसरल्यात तिथवर फोडायचं होतं. पहिल्या दिवशी सिमेंटच्या आधी नळाचा पाइप फुटला, तोही नेमका पाणी सुटायच्या दिवशी. (पाणी आठवड्यातून एकदा येतं. राधा पुढच्या पाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.) चौथ्या दिवशी माती दिसली, आणि खरं सांगतो अक्का, ती काळी माती बघून मला रडू आलं. अप्पांनी इथंच खड्डा खणला होता ना.

आता मुळांवर पाल्याचं पांघरूण हवं होतं. आमचा पाला इतकी वर्षं आम्ही झाडून जाळला, शहाणे! म्हणून मी गल्लीभर सांगत सुटलो, तुमचा पाला मला द्या. झालं! दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी पोत्यांची रांग. वर पाला, खाली अख्खं घर: फुटकी बरणी, एका पायाची चप्पल, कुणाच्या तरी चिरंजीवांची नापासाची प्रगतिपत्रिका. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं तर गाडी थांबवून विचारलं, "एन् सर, काँट्रॅक्ट नीवे तगोंडीरेन्री?" म्हणजे आता काँट्रॅक्ट मीच घेतलं की काय! एकच पोतं सभ्य निघालं. नुसता कोरडा पाला आणि मुरलेलं शेणखत, तोंड हिरव्या दोऱ्यानं सुबक शिवलेलं. गल्लीत इतकं चांगलं माणूस कोण, हे अजून मला कळलेलं नाही. मी ते सगळं बुंध्याला शालीसारखं गुंडाळलं, तर श्रीवत्स पुन्हा कुंपणावर. म्हणाले, साल कुजेल, वीतभर लांब ठेवा, आणि पाणी बुंध्यात नको, फांद्यांच्या टोकाखाली घाला. आता तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा राधा तिथंच नेऊन ओतते.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा,
गुरुराज

ता. क. दर पाडव्याला तू येतेस आणि याच आंब्याच्या पानांचं तोरण स्वतः बांधतेस. यंदा येऊ नकोस. ऊन फार आहे, बसला गर्दी असते, तुझे गुडघे... जाऊ दे. त्या वाळक्या फांद्यांखाली तुझ्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. झाड सावरलं की मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन.

आणखी एक. पाकिटाला गोंद लावत होतो, तेवढ्यात राधानं पत्र वाचलं आणि हसत सुटली. म्हणते, सिमेंट पडलं त्याच आठवड्यात तिनं तुला फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणते, ते हिरव्या दोऱ्याचं पोतं तूच अळणावरच्या नागोजीच्या टेम्पोतून पाठवलंस, आणि गुरूला सांगू नकोस, त्याला खणू दे, असं बजावलंस. अक्का! इतके महिने फोनवर मला "आंबा कसा आहे रे?" विचारत होतीस, आणि मी "मजेत" म्हणत होतो!

तेव्हा पाडव्याला ये, लबाड अक्का. शेंड्याला तांबूस पानं फुटलीत, आज सकाळी मोजली, अकरा. त्यातलं एकही मी तोडू देणार नाही, तुलासुद्धा. तोरणाची पानं अळणावरहून आण. आणि त्या हिरव्या दोऱ्याचं आणखी एक पोतं.