आपल्याच उसाची आग

पाणमळा, ता. वाळवा
९ फेब्रुवारी २०२५

चि. वीरधवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. आईच्या गुडघ्याचे टाके काढले, काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. तिच्यासाठी मी अजून खंडाळ्याला, सासरी परतले नाही. तिकडं थंडी कशी आहे? फोनवर बोलले असते, पण आई कायम शेजारी असते. आणि हल्ली आपल्या गावात भिंतीपलीकडं कोण ऐकतंय सांगता येत नाही.

तू सुट्टी संपवून गेलास, त्याच्या आदल्या दिवशी आपला नदीकडचा ऊस पेटला. तारांची ठिणगी पडली, असं सगळ्यांनी मानलं. जळक्या उसाचं वजन घटतं म्हणून कारखान्यानं लगेच तोडणीची टोळी धाडली आणि कधीचं रखडलेलं रान मोकळं झालं. पुढं लालासाहेब काकांचा फड पेटला. त्यांचीही तोड लगेच आली. मग धैर्यशीलचा. त्याच्या रानावरून तर तारच जात नाही.

तेव्हापासून गावाची नजर बदलली. कोण कुणाच्या बांधावरून गेलं, याची चौकशी होते. दुकानात काडेपेटी मागितली तरी माणसं वळून बघतात. धोंडुबाई काकू एकदा बोलता बोलता माझ्या पदराचा वास घेऊन गेल्या! शेवटी सगळ्यांनी साईराजला धरलं, कारण तो तारांची कामं करत शिवारभर फिरतो. चावडीसमोर त्याला मारलं. "आवं, माझा गुंठाभर तरी ऊस हाय का? मी कशाला पेटवू?" तो ओरडत होता. आपले आप्पा तिथंच उभे होते, खाली बघत.

त्यांचं ते खाली बघणं मला खटकलं.

तू गेल्यावर तुझा करडा शर्ट मी धुतला होता, वीरू. डिझेलचा वास येत होता. ट्रॅक्टरचं काहीतरी केलं असशील, अशी मी माझीच समजूत घातली.

मंगळवारी चौथा फड पेटला आणि वारं फिरलं. शेजारच्या मोकळ्या रानात आटपाडीकडच्या मेंढरांचा तळ होता. त्या तळावरच्या मेंढपाळ हरणाबाई कोकरांची जाळी उघडायला आगीत शिरल्या. थोडीच कोकरं वाचली. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. सांगलीच्या दवाखान्यात आहेत.

मी घरी येऊन आप्पांना सरळ विचारलं, "आपला ऊस कुणी पेटवला?"

"आपलाच व्हता की गं," ते म्हणाले. "पोरानं माझ्यापायी केलं. लोकांनी त्येचं बघून पेटवलं, त्येला आमी काय करणार?"

काल मी सांगलीला गेले. मी हरणाबाईंना भात भरवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, कुणी लावली गं ही आग?"

"ही कुणी लावली ठाऊक न्हाई," मी म्हणाले, "पण पहिली आमच्या घरानं लावली."

त्यांनी पुढचा घास घेतला नाही. भिंतीकडं तोंड केलं.

परत येताना साईराजच्या घरीही तेच सांगितलं. त्याच्या आईनं आत ये म्हटलं नाही.

नाव मी दोन्हीकडं घेतलं नाही. रजा मिळेल तेव्हा ये, चावडीसमोर उभा राहा आणि ते स्वतःच्या तोंडानं सांग. मी शेजारी उभी राहीन. आप्पा माझ्याशी बोलायचे थांबलेत. मी तरी इथंच आहे.

प्रकृतीला जप.

तू येशील याची खात्री नसलेली, तरी तुझीच
अक्का