पालथी ताटं

२८ मार्च १९३५
लिही गं ओपल. खोकून झालं की लिही. — मला अक्षर येत नाही, म्हणून नात लिहिते. शाळा धुळीच्या वादळांपायी बंद, तिला दुसरं काम काय! आज ओक्लाहोमाची अर्धी जमीन आमच्या स्वयंपाकघरात आली. वाढेपर्यंत ताटं पालथी ठेवायची. उचलली की टेबलावर चकचकीत गोल दिसतो. घरात तेवढीच स्वच्छ जागा.

२ एप्रिल
लेकाने, व्हर्जिलने, मेलेला साप कुंपणावर टांगला. पोट आभाळाकडे. असं केलं की पाऊस येतो म्हणे. "आई, हसू नकोस." हसत नाही रे. तोंड उघडलं की माती जाते.

५ एप्रिल
पाऊस नाही. सापाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

९ एप्रिल
ओपलचा खोकला छातीत उतरलाय. (हे लिहायला तयार नव्हती. लिहिलं!) डॉक्टर म्हणाले, "पोरीला इथून हलवा." मिसुरीत माझी बहीण आहे. तिथं झाडं आहेत, सावलीसकट. व्हर्जिलला म्हटलं, चल.
"एवढं एक पीक बघू, आई. बाबांची जमीन अशी सोडू?"
अरे, जमीनच आपल्याला सोडून चाललीय. रोज, खिडकीसमोरून.

१६ एप्रिल
ओपल पडून लिहितेय, म्हणून थोडंच सांगते. रविवारी सकाळी आभाळ निळंशार! सगळे खुळावलो. सून लेटाने धूळ अडवायला खिडक्यांवर लावलेल्या ओल्या चादरी काढल्या, गाद्या उन्हात टाकल्या. व्हर्जिल म्हणाला, "बघ, सापाने काम केलं!" ओपल शेजारच्या मळ्यावर गेली. परतताना उत्तरेकडून धुळीची काळी भिंत आली — आधी पाखरं, मागून ती. भरदुपारी स्वतःचा हात दिसेना. व्हर्जिल कुंपणाची तार चाचपत गेला आणि तिला घेऊन आला. साप कुठे गेला कोण जाणे. शहाणा निघाला.

१९ एप्रिल
व्हर्जिल कबूल झाला. सोमवारी निघायचं. ओपल विचारते, "आजी, मिसुरीत ताटं कशी मांडतात गं?"
सुलटी. आळशी लोक.

२६ एप्रिल
हे अक्षर व्हर्जिलचं. ओपलला मंगळवारी माझ्या नवऱ्याशेजारी पुरलं. गाडी भरून दारात उभी आहे. हा म्हणतो, "आता तरी चल, आई." — लिही रे, कागद भिजवू नकोस. लेटाला घेऊन तू जा. पोरीला इथं एकटी ठेवून मी सावलीत बसू? माझं ताट तेवढं राहू दे. पालथं.