बाई, तो तारा खरंच बदलतोय

बाई, आज सकाळी आपल्याच भौतिकशास्त्र विभागात बसून मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी बसलेल्या, याच कामातल्या मॅडमचा चहा टेबलावर सांडला. तुम्ही असता तर पहिला फोन तुम्हालाच केला असता.

एक बटू तारा आहे. इतका थंड, की त्याच्या वातावरणात धुळीचे ढग जमतात, आणि इतका चपळ, की अडीच तासांत स्वतःभोवती फेरी पुरी करतो. त्या वेगानं तो जरा चपटाही झालाय. ढगांवरून विखुरलेला त्याचा प्रकाश किंचित ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी एका दिशेत जास्त डोलतात. ढग सगळीकडं सारखे नसतील, तर तारा फिरेल तसं हे प्रमाण कमी-जास्त व्हायला हवं. दूरच्या डोंगरावरच्या दुर्बिणीतून आम्ही दोन हंगाम हाच बारीक फरक शोधत होतो. आज तो आलेखावर दिसला. वर, खाली, पुन्हा वर, बरोबर अडीच तासांच्या ठेक्यात!

"शोधनिबंध लिहायला घ्यायचा ना?" मॅडम म्हणाल्या. आणि मला तुमची प्रयोगशाळा आठवली.

तुमची विद्यार्थिनी असताना मी फुलंब्रीहून एसटीनं यायचे. साखरेच्या पाण्यातून जाताना ध्रुवीकृत प्रकाश किती वळतो, ते मोजायचं होतं. गाडी चुकू नये म्हणून शेवटची चार रीडिंग मी मनानंच लिहिली. तुम्ही वही उचललीत, चष्मा कपाळावर सरकवलात. "रेघ लईच सरळ आलीय गं. बघितलंस का बनवलंस?" मी घड्याळाकडं पाहिलं. "साखरेला ठाऊक नाय, तुझी गाडी कितीची आहे ते." चारही आकड्यांवर काट मारलीत, प्रयोग पुन्हा करून घेतलात, आणि स्वतः स्कूटरवरून मला स्टँडवर सोडलंत. वाटेत पर्समधून फुटक्या गॉगलची काच काढून दिलीत, एकाच दिशेत डोलणाऱ्या लहरी आत सोडणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोळ्यापुढं फिरवली, तर डोक्यावरचं निळं आभाळ गडद व्हायचं, पुन्हा उजळायचं. मी इतकी ओरडले, की आई घाबरून अंगणात आली होती!

"आधी तपासू," मी मॅडमना म्हणाले. ज्याचा प्रकाश ध्रुवीकृत नसतो, असा एक तारा त्याच यंत्रातून टिपला होता. त्याची रेघही तशीच वर-खाली झाली असती तर खोट यंत्रात, आणि दोन हंगाम पाण्यात. आकडे उघडले. रेघ सपाट. म्हणजे बदलतोय तो आपलाच तारा!

"आता ओरडू का?" मॅडमनी विचारलं. दोघी ओरडलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्या डोंगरावर होते. निरीक्षणं चालू आहेत, निघता येत नाही, असं कळवलं. ते खोटं होतं, बाई. आठवडाभर आभाळ भरलेलं होतं, दुर्बीण बंदच होती. गारखेड्यातल्या तुमच्या घरात तुम्ही नसताना पाय ठेवायची माझी हिंमत झाली नाही.