ओटीपी मी कुणालाच सांगत नाही

३ मे
मुलीचं ठरलं. सरकारी विद्यापीठ, भूगर्भशास्त्र, आणि दुसरीकडे कुठेही अर्ज करणार नाही. दगडांत एवढं काय आहे, असं विचारणार होतो. हिने डोळे वटारले, म्हणून विचारलं नाही.
अर्ज स्वतः भरणार म्हणाली. भरू दे. मोबाईल नंबर मात्र माझा. ऑनलाइन फसवणुकीवर ऑफिसात अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं, त्याचं सर्टिफिकेट या घरात फक्त माझ्याकडे आहे. हिच्या भावाने तेवढं केलं असतं तर फुकट फ्रिजच्या नादात खातं धुऊन निघालं नसतं. मेहुण्याला हे मी दर भेटीत सांगतो. त्याच्या भल्यासाठीच.

५ मे, संध्याकाळ
अर्ज गेला. उशीर झाला, कारण साइट भिकार.
मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, बाबा, ओटीपी सांगा. सांगितला नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, नियम पहिला. मी बाप आहे म्हणून नियम बदलत नाही. त्याची मुदत संपली. दुसरा आला, तोही संपला. शेवटी तिने बाहेर येऊन माझ्या हातातला फोनच नेला. तत्त्व शाबूत.

१४ मे
पहिला मासा गळाला लागला. म्हणजे मी लागलो नाही. मेसेज असा: आपल्या अर्जासोबतची शाळेची गुणपत्रिका अस्पष्ट आहे, खालील लिंकवर पुन्हा जोडावी. खाली विद्यापीठाचं नाव. हसूच आलं. गुणपत्रिकेचा फोटो मी स्वतः काढला होता, अस्पष्ट असेलच कशी? डिलीट. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे एकाग्रतेने जेवत होते.

१६ मे
पुन्हा तेच. यावेळी ‘अंतिम सूचना’. चोर नेहमी घाई करतात, नियम तिसरा. नंबर ब्लॉक केला. मुलीने विचारलं, काही आलं का? म्हटलं, काही नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला?

१९ मे
आता थेट फोन. बाई. गोड आवाज. म्हणे प्रवेश विभागातून बोलतेय. मुलीचं नाव, जन्मतारीख, मार्क, सगळं तिला पाठ. केवढी माहिती बाहेर फुटली आहे. मी रागावलो नाही. शांतपणे म्हटलं, बाई, शिकलेल्या दिसता, एखादी चांगली नोकरी का धरत नाही? ती म्हणाली, नोकरीच करतेय. फोन ठेवला, तोही नंबर ब्लॉक. कदाचित एक आयुष्य मार्गी लागलं असेल.

२४ मे
यादी लागली. मुलीचं नाव नाही. तिच्यापेक्षा कमी मार्कांच्या मैत्रिणीचं आहे. जेवली नाही. खिडकीत पाठ करून बसली.
मी म्हटलं, सगळी व्यवस्थाच सडलेली, कडक तक्रार लिहितो. तिने पुन्हा विचारलं, खरंच काहीच आलं नव्हतं? विद्यापीठाकडून काही नाही, म्हटलं, चोरांकडून मात्र बरंच आलं. आणि सगळा किस्सा रंगवून सांगितला. तिचं मन रमावं हा हेतू.
तिने फोन मागितला. ब्लॉक केलेले नंबर उघडले. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर विद्यापीठाचे नंबर छापले होते. दोन्ही शेजारी शेजारी धरले.
तंतोतंत तेच. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. तरी एक सांगतो, त्यांनी मेसेजमध्ये लिंक द्यायला नको होती.

२५ मे
मेहुण्याच्या गाडीतून विद्यापीठात. जाताना तो फ्रिजबद्दल एक अक्षर बोलला नाही. माणूस इतका खुनशी असेल असं वाटलं नव्हतं.
प्रवेश विभाग, कोपऱ्यातली खिडकी. आवाज ओळखीचा. मी खांबाआड सरकलो. मुलीने हात धरून पुढे आणलं आणि म्हणाली, हे माझे बाबा. बाईंनी मला नीट न्याहाळलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणालात तशी चांगली नोकरी अजून शोधतेय, मिळाली की कळवते.
मी माफी मागितली. घशातल्या घशात, पण मागितली. बाईंनी गुणपत्रिका घेतली. दुसऱ्या यादीत बघू, म्हणाल्या. आणि आधी तो मोबाईल नंबर बदला. मुलीने आईचा नंबर दिला.

२ जून
दुसऱ्या यादीत नाव आलं. हिला मेसेज आला, हिने उघडला, दोघी रडल्या. मी म्हणतच होतो, धीर धरा. एवढ्या सगळ्या गोंधळात आपली माहिती चोरीला गेली नाही, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

११ जुलै
उद्या ती हॉस्टेलला जाणार. नवीन सिम घेतलं. म्हणाली, बाबा, नंबर आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. म्हटलं, करतो, पळून जातोय का नंबर? बॅग आधी नीट भरू. भरली. तिने पुन्हा काढून भरली.

१२ जुलै, संध्याकाळ
गेली. पोहोचल्यावर आधी मला फोन करायचा, असं तीनदा बजावलंय. घर ओकंबोकं वाटतं. दुपारपासून फोन समोर ठेवून बसलोय.
एक अनोळखी नंबर सारखा सतावतोय. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. शेवटी ब्लॉक. चोरांना नेमका आजच ऊत आलाय. तेवढ्यात तिचा फोन आला आणि लाइन बिझी लागली तर?

थोड्या वेळाने
ही आतून आली. म्हणाली, अहो, ती दुपारीच पोहोचली. विचारतेय, बाबा माझा फोन का कापतात.
ब्लॉक कसा काढायचा ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. हिने काढून दिला. फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, बोलते, पण आधी ओटीपी सांगा.
ओटीपी मी कुणालाच सांगत नाही, असं ठणकावणार होतो. तोंडून निघालं, जेवलीस का?