माझ्या नावावरची सात कार्डं

४ मार्च, मंगळ.
स. ६ ते दु. २ ड्यूटी, कुपवाड, कारखान्याचं गेट. गाड्या नेहमीच्या. वजनकाट्यावर एका ड्रायव्हरशी हुज्जत, मिटली.
११.२० ला साताऱ्याहून पोलिसांचा फोन. "रिटायर हवालदार जगन्नाथ माने का? तुमच्या नावावर सात सिमकार्डं दिसतात. खरं का?" म्हटलं, खरं. "गुरुवारी या जरा." कशाबद्दल, कागद येईल का, विचारलं. "कागद कशाला, नुसतं बोलायचंय." आवाज गोड. गोड आवाजाचीच मला भीती वाटते.
सौ.ला सांगितलं नाही.

५ मार्च, बुध.
ड्यूटी. लक्ष नाही.
कार्डं कशी आली ते आठवून काढलं. दोन वर्षांमागं गावी गेलो होतो, वडूजच्या बाजारात मोबाईल कंपनीची छत्री लागलेली. आमच्या आळीतल्या सहाजणी कार्ड घ्यायला. एकीचाही अंगठा उठेना. हौसाकाकूनं पदराला पुसून, फुंकर मारून पाच वेळा लावला, मशीनवर लाल दिवाच. जन्मभर भांगलण केलेली बोटं, रेघाच राहिल्या नाहीत. छत्रीवाला म्हणाला, कुणाचा तरी उठतो का बघा. माझा पहिल्या झटक्यात उठला. आर्मीत चोवीस वर्षं सिग्नलला, सेटवर बसून काढली, बोटं शाबूत. सहाही कार्डं माझ्या नावावर, माझं धरून सात. बायका लय खूश. हौसाकाकूनं हाताला धरून भजी खाऊ घातली. मेडल मिळाल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.
आणि कोणता नंबर कुणाकडं, त्याचा तक्ता केला. दरवर्षी नव्या वहीत उतरवतो. ह्याही वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

६ मार्च, गुरु. सातारा.
रजा टाकून सकाळची एस.टी. साहेब तरुण, वागायला चांगला, चहा मागवला. सवयीनं मी उभाच. टेबलावर छापील कागदांचा वीतभर गठ्ठा.
विषय असा. शनिवारी आमच्या गावच्या कालव्यावर बायकांचा मोर्चा झाला, घागरी घेऊन, पाणी सोडा म्हणून. कुणीतरी दगड मारला. इंजिनियरच्या जीपची काच फुटली, ड्रायव्हरच्या भुवईला टाके. सरकारी कामात अडथळा.
"त्या टॉवरखाली तीन तासांत जेवढे फोन होते, ते सगळे ह्यात आहेत."
"सगळे?"
"सगळे."
म्हणजे एस.टी.तले पाशिंजर, शाळेतले गुरुजी, रानात असलेली माणसं, सगळी त्या गठ्ठ्यात.
"तुमच्या नावाचे तीन फोन कालव्यावर आणि एक कुपवाडात. चार हात आहेत का हो तुम्हाला?"
मी हसलो. ते हसले नाहीत.
आणि मग मी माती खाल्ली. म्हटलं, साहेब, मी ड्यूटीवर होतो, माझी रोजनिशी आहे, तासातासाची नोंद मिळेल. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोजनिशी लिहिता? वा. मग तीच घेऊन या. २४ तारखेला, सोमवारी." तोवर शेवटचं पान माझ्या डोक्यातही नव्हतं. जीभ चावली.
उठताना त्यांनी गठ्ठ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हा एक नंबर. ह्यावर दर रविवारी संध्याकाळी सातला फोन येतो. तीन-चार मिनिटं. पार सरहद्दीकडून. कोण हा?"
म्हटलं, माहीत नाही.
तो संदीप. हौसाकाकूचा एकुलता. मीच त्याला भरतीला पळायला शिकवला. नोकरीत एकदाही खोटा रिपोर्ट दिला नाही, आज दिला.

७ मार्च, शुक्र.
सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.
"नावं सांगा आन मोकळं व्हा. कार्डं त्यांनी वापरली, त्यांनी निस्तरावं."
म्हटलं, साठीच्या बायका आहेत.
"आन तुमी? पेन्शनीला काय झालं म्हंजे? त्या बायका येणार हायत का आपल्या दारात शिधा घिऊन?"
चुकीचं काय बोलली? काही नाही. तरी मी ओरडलो. जेवलो नाही.
तासाभरानं तीच म्हणाली, "हौसाकाकूनं माझी दोन्ही बाळंतपणं काढलीत." आणि भांडी आपटत बसली.

९ मार्च, रवि.
नवी वही घ्यावी का? हे सगळं ह्याच वहीत लिहितोय, जी त्यांना हवी आहे. वेडाच आहे मी. पण वर्षाच्या मधे वही बदलणं जमत नाही.
साहेब म्हणाले होते, "आम्ही कुणाचं बोलणं ऐकत नाही. फक्त नंबर, वेळ, टॉवर." हे त्यांनी मला सांगावं? आर्मीत मी तेच केलंय. सेटवर पलीकडची भाषा कुठं कळायची आम्हाला. वेळ लिहायची, किती बोलला, कुणी कुणाला हाक मारली. चार दिवसांत कळायचं त्यांच्या साहेबाची चौकी कोणती, रसद कधी येते. एक स्टेशन दर तासाला बोलायचं, ते एके दिवशी गप्प झालं. आम्ही लिहिलं, गप्प. त्याचाही अर्थ वर लावला जायचा.
तेव्हा काही वाटलं नाही. समोर दुश्मन होता. आता माझ्या आळीतल्या बायका कुणाच्या दुश्मन आहेत ते कुणीतरी सांगावं. राग येतो. आणि भीती वाटते. दोन्ही एकदम.

११ मार्च, मंगळ.
ड्यूटीनंतर आमच्याच विश्रामबागेत कुलकर्णी वकीलबाईंकडं. दवाखान्याच्या वर ऑफिस. सगळं ऐकून घेतलं. त्या बोलल्या त्यातलं जमेल तेवढं:
— बोलणं ऐकायचं तर वर गृहखात्याचा हुकूम लागतो. नुसती नोंद मागवायला अधिकाऱ्याचं पत्र चालतं.
— मी विचारलं, एका पत्रात माणसं किती? चष्मा काढला. "तिथंच तर गोम आहे, माने. एका दगडासाठी अख्खं गाव मागवता येतं का, हे कुणीतरी कोर्टात जाऊन विचारायला पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे कोर्टानं मान्य केलंय. पण विचारणाऱ्याला आपलं नाव घालून उभं राहावं लागतं. राहताय?"
— आपल्या नावाची कार्डं वाटली हे माझं चुकलंच. कायद्यानं चुकलं.
— वही लेखी हुकमाशिवाय द्यायला मी बांधील नाही. "पण पान फाडलंत तर मात्र तुम्ही खरोखरच पुरावा नष्ट केलात."
— बायकांना चौकीवर बोलावता येत नाही. घरी येऊन विचारावं लागतं.
माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून दिला: कुणाच्या पत्रावरून, किती नंबर, कुठवर ठेवणार. सही केली. उत्तराला तीस दिवस. सोमवार, २४ ला तेरा दिवस.

१३ मार्च, गुरु. होळी.
पोळी झाली. सौ.नं माझा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला. "आता ऐका म्हणावं." आठवड्यात पहिल्यांदा हसलो दोघं. मग कारखान्याचा फोन येईल म्हणून परत काढावा लागला. तांदूळ झटकले.

१५ मार्च, शनि. गावी.
विट्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. हौसाकाकूच्या ओट्यावर सहाजणींना बसवून सगळं सांगितलं. सहातल्या तिघी कालव्यावर होत्या, बाकीच्या तिघी त्या दिवशी वडूजला.
हौसाकाकू: "गेली हुती की. घागर घिऊन गेली हुती. पानी मागायला तितं न्हाई जायाचं तर कुटं जायाचं?"
दगडाचं विचारलं.
"कुनी मारला ठावं न्हाई. मी तवा खाली बसली हुती, गुडगं दुकत हुतं. लिव की माजं नाव. मी काय चोरी केली व्हय?"
ऊर भरून आला. हिला कुणाचं भय नाही, म्हटलं आपण कशाला भ्यायचं.
तेवढ्यात शेजारची सखूवहिनी: "आवं काकू, पन तुमच्या संदीपचं वो? आईचं नाव पोलिसात म्हटल्यावर त्येच्या नोकरीला काय हुईल?"
काकूच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "जगू, व्हतं का रं तसं?"
नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ठावं न्हाई काकू.
ती उठून आत गेली.

१६ मार्च, रवि.
सकाळी निघताना स्टँडवर हौसाकाकू आली, चालत. हातात एक रुमाल, गाठ मारलेला, त्यात पाचजणींची कार्डं. आणि तिची चुन्याची डबी.
"माजं ह्यात हाय. काडून ठिवलंय. पोराच्या वाटंत काटा नगं."
"काकू, फोन नसला तर संदीप काय करंल? दुसऱ्या कुणाच्या फोनवर घ्या."
"दुसऱ्याचं नाव कशाला गोवू? तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. त्येला सांग कायतरी."
संदीपला काय सांगू? आणि माझ्या फोनवरनं सांगितलं, तर तेही त्या गठ्ठ्यात जाणार.
घरी आल्यावर डबी कपाटावर ठेवली. सं. ७ ला घड्याळाकडं बघत बसलो. तिकडं तो लावत असेल, बाई सांगत असेल, आपण ज्याला फोन करत आहात तो बंद आहे. सात पाच. सात दहा. डबीला हात लावला नाही. भित्रा आहे मी.

१८ मार्च, मंगळ.
९.४० ला साहेबांचा फोन. तोच गोड आवाज.
"काय हवालदार. तो सरहद्दीचा नंबर रविवारी तीन वेळा लावत होता. इकडचा बंद. का हो?"
काट्यावरची गाडी थांबवून बाजूला आलो.
"आणि सहाही नंबर एकदमच बंद झालेत. बंद करा म्हणून कुणी सांगितलं त्यांना?"
म्हटलं, कुणी नाही.
"ठीक आहे. सोमवारी वही विसरू नका."
तीन वेळा. म्हणजे तीन वेळा लावला पोरानं.
गप्प राहिलं तरी लिहितात. मला माहीत होतं. मीच लिहायचो.

२० मार्च, गुरु.
वकीलबाईंना सांगितलं. "फोन बंद ठेवणं गुन्हा नाही. पण ते तुम्ही बंद करवलेत असं चित्र झालंय. कार्डं तुमच्याकडं असणं आणखी वाईट." सोमवारी स्वतः यायला तयार आहेत. म्हणाल्या, वही आणायची की नाही हे तुम्ही ठरवा, हुकूम लेखी नाही तोवर निर्णय तुमचा.
नावं सांगितली तर साहेब गावात जातील, काकूच्या ओट्यावर बसतील, संदीपचं नाव निघेल. नाही सांगितली तर तिन्ही फोन माझेच, मोर्चा मीच भरवला असं होईल. साहेबांनी तसं म्हटलेलं नाही अजून. म्हणतील.
अर्जाचं उत्तर नाही.

२२ मार्च, शनि.
सौ.नं कपाटावरून डबी काढून माझ्यापुढं ठेवली.
"लावा ते कार्ड."
म्हटलं, माझ्या घरात चालू झालं तर तेही लिहिलं जाईल. हौसाकाकूचा नंबर विश्रामबागेत.
"लिवू दे. तितं पोराचा जीव टांगणीला लागला असंल. आठवडा हुत आला. आई गेली का ऱ्हायली त्येला ठावं न्हाई. तुमच्या त्या पेन्शनीचं बगू."
पेन्शनीची काळजी तिलाच होती. आता 'तुमच्या त्या पेन्शनीचं' झालं.

२३ मार्च, रवि.
दु. ३. वही पिशवीत ठेवली. काढली. शेवटचं पान उघडलं. सहा नंबर, सहा नावं, माझ्याच अक्षरात, पट्टीनं ओळी मारलेल्या. छान तक्ता आहे. पुन्हा ठेवली. फाडलेलं नाही. उद्या पाच चाळीसची गाडी. वही पिशवीत असेल की कपाटात, आत्ता सांगता येत नाही.
सं. ६.३०. जुना हँडसेट चार्ज केला. कार्डाला चुना लागलेला, रुमालानं पुसला, तरी कडेला थोडा राहिला. बसवलं. सिग्नलच्या दांड्या आल्या.
सौ. शेजारी येऊन बसली. टीव्ही बंद केला.
७.०४. रिंग.
"आई? आई, कुटं हुतीस तू?"
मी बोललो.
३ मि. ५० से.
संदीप काय म्हणाला, मी त्याला काय सांगितलं, ते इथं लिहीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नोंद अर्धी सोडतोय. वेळ वर आहे, नंबर शेवटच्या पानावर. तेवढं त्यांच्याकडंही आहे.