डब्यांची नवी पाठ

४ नोव्हेंबर, मंगळवार
...तेव्हा मी चादरी मशीनमध्ये टाकल्या होत्या, दूध तापवून झालं होतं आणि केर काढत हॉलपर्यंत आले होते. हे सोफ्यावर. केरसुणीचा आवाज आला की ह्यांचे पाय आपोआप वर जायचे, नजर मात्र टीव्हीवरच. त्या दिवशी गेममधल्या स्वाराचा घोडा हरवला होता. मी म्हटलं, ब्रेड आणायचाय. हे म्हणाले, घोडा सापडला की निघतोच. घोडा दुपारी सापडला.

ते सगळं आज आठवायचं कारण लेकीचा फोन. ह्यांचे मित्र, चष्मेवाले भाऊजी, व्हिडिओ गेमचं वाचनालय काढताहेत. पुस्तकांच्या वाचनालयासारखंच: मेंबर व्हायचं, गेम घरी न्यायचा, परत आणून द्यायचा. त्यांना ह्यांचा सगळा संग्रह हवाय. लेक म्हणाली, आई, देशील ना? मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मला एक गेम खेळता येत नाही. रविवारी सोळा तारखेला या आणि फळ्या रिकाम्या करा. माझा जीव वस्तूंत अडकत नाही. लेक म्हणाली, नक्की? मी म्हटलं, एकदा सांगितलं ना.

संकल्प: त्याआधी सगळं पुसून खोक्यांत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पुसायला घेतलं आणि थांबले. खिडकीकडच्या गेमच्या डब्यांच्या पाठी उन्हानं पार उडाल्या आहेत. लालचं गुलाबी, काळ्याचं राखाडी, नावं पुसट. अशा डब्या चारचौघांत मांडायच्या? ह्यांचं नाव जाईल. नव्या पाठी कराव्या लागणार.

सोपं आहे. डबीवर पारदर्शक प्लास्टिकची खोळ असते, तिच्यात छापील कागद सरकवलेला असतो. मधली उभी पट्टी म्हणजे पाठ. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयातलं एक कपाट मी सोडलं नाही, आणि पुस्तकं निवडली ती पाठीवरूनच. पाठ कशी असावी हे मला कुणी शिकवू नये.

ह्यांची एक पद्धत होती. पुरा झालेला गेम सरळ उभा, अर्धवट राहिलेला डोक्यावर. पाठीवरचं नाव उलटं दिसलं की समजायचं, लढाई चालू आहे. डब्या खाली काढताना ते सगळं एकत्र झालं. असो. लोकांत असली पद्धत चालत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
नावांचा प्रश्न. ती इंग्रजी नावं मला कधीच तोंडपाठ नव्हती. पण गेम ओळखू येतात. म्हणून मीच नावं दिली. घोडा हरवतो. पुलावरून रोज पडणारा. बाईला वाचवायचं, पण बाईच हुशार. नुसती शेती. हात थरथरले तरी चालणारा. (हा शेवटच्या महिन्यांतला.)

आत काय आहे ते नावावरून कळायला हवं. कंपन्यांना हे कसं सुचलं नाही कोण जाणे.

लेकीला फोनवर यादी वाचून दाखवली. ती खूप हसली. मग नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. सर्दी झाली असावी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्रिंटच्या दुकानात गेले. दुकानवाली म्हणाली, मावशी, पाठीवरचं नाव वरून खाली जातं, सगळ्या डब्यांवर तसंच असतं. मी म्हटलं, असेल. माणूस जिना चढतो तसं नजरेनं खालून वर चढावं, चढण्यात उमेद आहे. ती म्हणाली, मावशी, वाचणाऱ्याची मान मोडेल. मी म्हटलं, तू छाप गं.

घरी आल्यावर कळलं की माप मी जाड डबीचं घेतलं होतं. बारीक डब्यांवर शिरोरेघा मागच्या बाजूला निघून गेल्या, पाठीवर अक्षरांची नुसती धडं उरली. पण वेगळं दिसतं, हे कुणीही कबूल करेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कामाला गती आली. जुने कागद काढून टाकणार होते, पण कचऱ्याचा डबा भरलेला होता. म्हणून नवे वरूनच सरकवले.

भाऊजींचा फोन. वहिनी, तयारी झाली का? म्हटलं, अर्थात. खोकी अजून आणलेली नाहीत, पण खोकी काय, कुठेही मिळतात. त्यांना सुचवलं, पुढच्या महिन्यात नेलं तर बरं, रंग जरा वाळू दे. ते म्हणाले, रंग कसला? तुम्ही तर छापून आणलंय ना? माणूस भलताच चौकस आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सगळ्या फळ्या लावून झाल्या. दारात उभी राहून पाहिलं. झकास. चहा घेऊन आले आणि पुन्हा पाहिलं.

शब्द दिलाय, तेव्हा देणारच. आता भाऊजीच आपणहून म्हणाले की वहिनी, हे इथंच शोभतं, तर मी वाद घालणार नाही. म्हणतील असं वाटतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
लेक आणि भाऊजी आले. भाऊजींनी दारातच चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, वहिनी, आमच्या गड्यानं एकही गेम पुरा केला नाही की काय? मला कळेना. मग कळलं. सगळी नावं खालून वर. ह्यांच्या हिशेबानं अख्खी भिंत अर्धवट राहिलेली.

मी म्हटलं, ती डिझाइन आहे. ते मान वाकडी करून एकेक नाव वाचत गेले. घोड्यापाशी मोठ्यानं हसले. म्हणाले, हा आम्ही दोघं फोनवरून शोधायचो. थरथरत्या हातांपाशी हसले नाहीत. चष्मा पुन्हा काढून पुसला. मनात म्हटलं, आता म्हणतात.

म्हणाले, वहिनी, ही नावं तुमच्यापाशीच असू द्या, मेंबरांना खरी लागतील. आणि खोळीतून माझा कागद सर्रकन ओढला. खाली जुना होताच. म्हणाले, पाठ उडालेली चालते हो, वापरलेला गेम तसाच दिसतो. लेकही ओढायला लागली. माझा आठवडाभराचा उद्योग चहा निवायच्या आत संपला. खोकीही त्यांनीच आणली होती.

जाताना लेक म्हणाली, आई, एखादा ठेव ना. भाऊजी म्हणाले, हवा तो काढून घ्या, वहिनी. मी म्हटलं, छे, मला काय करायचाय? दिलं ते दिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी गेली.

आमची हॉलची भिंत फारच मोठी आहे. कधी लक्षात आलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी भाऊजींचं वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. मेंबर झाले. एका वेळी एकच मिळतो म्हणाले. एक घेऊन आले.